दोन वाटे आईचे, एक बापाचा

ग्रेगर मेंडेलने १८५६ ते १८६३ या काळात ब्रनोच्या मठात वाटाण्याचे संकर केले, तेव्हा एक गोष्ट त्याने मुद्दाम पारखून घेतली होती. गोल दाण्याच्या झाडाचे पराग सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडावर घाला किंवा उलट करा, पुढची पिढी सारखीच निघते. गुण आईकडून आला की बापाकडून, याने काही बिघडत नाही. १८६६ साली छापलेल्या त्याच्या निबंधातला हा निष्कर्ष आनुवंशशास्त्राच्या पायातला दगड ठरला, आणि वाटाण्यापुरता तो खराच आहे. पण मेंडेल ज्या दाण्यांचा रंग आणि आकार मोजत होता, ती होती भ्रूणाची बीजदले. वाटाण्यात भ्रूणाला पोसणारी ऊती, म्हणजे भ्रूणपोष, बी पिकण्याआधीच संपून गेलेली असते. मका, भात, गहू, ज्वारी, बाजरी यांच्या दाण्यात ती उरते, किंबहुना दाण्याचा बहुतेक ऐवज तोच असतो. आणि तिथे मेंडेलचा हा नियम मोडतो.

तो कसा मोडतो, म्हणजे बी भरत असताना आईकडून आलेल्या आणि बापाकडून आलेल्या जनुकांवर वेगवेगळा ताबा कसा चालतो, याचा आढावा इथे घ्यायचा आहे. विषय प्रयोगशाळेतला वाटेल, पण आपली भाकरी आणि भात ज्या ऊतीतून येतात तिचाच हा प्रश्न आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो. आई-बापांच्या जनुकांमधली ओढाताण हे या गोष्टीचे सर्वांत गाजलेले स्पष्टीकरण आहे, आणि एकूण हिशेबाला ते लागूही पडते. मात्र एकेका जनुकापाशी गेले की ते तोकडे पडते. तिथे भटक्या डीएनए-तुकड्यांना आवरण्याच्या खटाटोपातून ही व्यवस्था उभी राहिली असावी, हे मला अधिक पटते.

सुरुवात १८९८ सालापासून करावी लागते. कीव्हमध्ये सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या कुळातल्या फुलांच्या बीजांडात पाहिले की परागनलिकेतून येणाऱ्या दोन्ही नर पेशी कामी येतात. एक अंडपेशीशी मिळते आणि भ्रूण तयार होतो. दुसरी शेजारच्या मोठ्या मध्यपेशीशी मिळते आणि भ्रूणपोष तयार होतो. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेओं ग्विन्यार यांनीही स्वतंत्रपणे हेच नोंदवले. बहुसंख्य फुलझाडांच्या मध्यपेशीत आईची दोन केंद्रके असतात. म्हणून भ्रूणात आई-बापांचा एकेक जनुकसंच असतो, तर भ्रूणपोषात आईचे दोन आणि बापाचा एक. या दुहेरी फलनाच्या अभ्यासाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. दिल्ली विद्यापीठातल्या पंचानन माहेश्वरी यांचा सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरचा १९५० सालचा ग्रंथ जगभर पाठ्यपुस्तक म्हणून वाचला गेला.

भ्रूणपोष वाढतो कसा, हे कोकणातल्या माणसाला वेगळे दाखवावे लागत नाही. कोवळ्या शहाळ्यातले पाणी हा द्रवरूप भ्रूणपोष आहे. त्यात केंद्रके वाढत जातात, पण त्यांच्यामध्ये पेशींच्या भिंती नसतात. पुढे कडेने भिंती पडू लागतात, मलई धरते आणि तिचेच खोबरे होते. भात, मका, गहू यांच्या इवल्या दाण्यात हाच क्रम काही दिवसांत उरकतो. आधी केंद्रकांची मोकळी वाढ, मग भिंती. भिंती लवकर पडल्या तर वाढ आवरते आणि दाणा लहान राहतो. उशिरा पडल्या तर भ्रूणपोष फोफावतो. पडल्याच नाहीत तर भ्रूण उपाशी मरतो. ही वेळ ठरवण्यात आई-बापांच्या जनुकांचा मोठा हात असतो, हे पुढे वारंवार दिसेल.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मक्याच्या दाण्याच्या रंगावर काम करणाऱ्यांची जुनी परंपरा होती. आर. ए. ब्रिंक यांनी १९५६ साली तिथेच दाखवले होते, की ‘आर’ नावाच्या जनुकाची एक प्रत सोबतच्या दुसऱ्या प्रतीचे वागणे पिढ्यान्‌पिढ्या बदलून टाकू शकते. जेरी कर्मिकल याच जनुकाकडे वळले. हे जनुक भ्रूणपोषाच्या सर्वांत बाहेरच्या, अ‍ॅल्युरोन थरात रंग भरते. रंगाची प्रत आईकडून आली तर दाणा सगळा रंगीत होतो. तीच प्रत बापाकडून आली तर दाणा ठिपकेदार, कबरा निघतो. यावर सोपे उत्तर तयारच होते. आईकडून दोन प्रती येतात, बापाकडून एकच, म्हणून रंग कमी पडला असेल.

कर्मिकल यांनी ते उत्तर गृहीत धरले नाही. मक्यात ‘बी’ नावाची जादा गुणसूत्रे असतात. परागकणातल्या शेवटच्या विभाजनात त्यांच्या दोन्ही प्रती बरेचदा एकाच नर पेशीत जातात आणि दुसरी रिकामी राहते. आर जनुकाचा तुकडा अशा बी-गुणसूत्राला जोडलेला असेल, तर बापाकडून एकाऐवजी दोन प्रती पोचवता येतात. त्यांनी तशा पोचवल्या, तरी दाणा कबराच राहिला. म्हणजे प्रश्न संख्येचा नव्हता. तेच जनुक, तोच डीएनए, पण ते कोणाच्या हातून आले याची खूण त्यावर होती. हे संशोधन १९७० साली प्रसिद्ध झाले. गुणसूत्रावर असा ‘ठसा’ असतो ही कल्पना हेलेन क्राउस यांनी १९६० साली सायारा नावाच्या माशीच्या संपूर्ण गुणसूत्राबद्दल मांडली होती, पण एका नेमक्या जनुकावरचा ठसा प्रथम दिसला तो मक्याच्या दाण्यावर. उंदरांत आई-बापांचे जनुकसंच समान नसतात हे केंद्रक बदलण्याच्या प्रयोगांतून १९८४ साली कळले आणि ठसा असलेली एकेकटी जनुके हाती आली १९९१ साली. तरीही जनुकीय ठशाचा धडा बहुतेक ठिकाणी उंदरापासून सुरू होतो. मक्यावर हा अन्याय आहे असे मला वाटते.

एका जनुकाचे झाले, पण सगळ्या जनुकसंचाचे काय? वनस्पतींचे संकर करणाऱ्यांना एक अडचण फार आधीपासून ठाऊक होती. द्विगुणित (दोन जनुकसंचांच्या) आणि चतुर्गुणित (चार जनुकसंचांच्या) झाडांचा संकर केला की बी बहुधा पोचट निघते, आणि कोण आई व कोण बाप यावर पोचटपणाची तऱ्हा बदलते. बिनबियांच्या कलिंगडाचे बियाणे तयार करताना जपानच्या हितोशी किहारा यांच्या पद्धतीत आई चतुर्गुणित आणि बाप द्विगुणित घ्यावा लागतो. उलटे केल्यास बी मिळत नाही. बटाट्याच्या पैदासकारांनी यावर व्यवहारी तोडगा काढला. १९८० साली जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक जातीला एक ‘भ्रूणपोष-समतोलांक’ दिला. गुणसूत्रांची संख्या काहीही असो, या अंकांच्या हिशेबाने भ्रूणपोषात आईचे दोन आणि बापाचा एक असा मेळ बसला तर संकर यशस्वी होतो. रानटी बटाट्याचे रोगप्रतिकारक गुण लागवडीच्या बटाट्यात आणताना हा अंक आजही उपयोगी पडतो. त्यामागे कोणती जनुके आहेत हे माहीत नसतानाही तो उपयोगी पडत होता, हे विशेष.

हा मेळ म्हणजे केवळ योगायोग नाही, हे बोर-याव लिन यांनी १९८४ साली मक्यात निर्णायकपणे दाखवले. मक्याच्या एका उत्परिवर्तित वाणात मध्यपेशीतली केंद्रके दोनच न राहता कमीजास्त होतात. त्यावर द्विगुणित आणि चतुर्गुणित बापांचे पराग घालून त्यांनी आई-बापांच्या प्रतींची अनेक प्रमाणे मिळवली. दाणा नीट भरला तो दोनास एक या प्रमाणात, किंवा चारास दोन असला तरी. प्रमाण बिघडले की दाणा बसला. भ्रूण निकोप असला तरी भ्रूणपोष कोलमडायचा.

१९९८ साली बाथ विद्यापीठात रॉड स्कॉट आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात तपासला. आईचा वाटा वाढला की भ्रूणपोषात भिंती लवकर पडत आणि बी लहान राही. बापाचा वाटा वाढला की केंद्रके बेसुमार वाढत, भिंतींना उशीर होई आणि बी मोठे होई. षड्गुणित आणि द्विगुणित झाडांचा संकर केला, तर कोणीही आई असो, बी मरत असे. बापाची जनुके वाढीला रेटतात आणि आईची आवरतात, हे चित्र इथे पहिल्यांदा इतके स्पष्ट उभे राहिले.

त्याच सुमारास ही आवर घालणारी जनुके हाती येऊ लागली. कॅनबेरात अब्दुल चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अशी अ‍ॅरॅबिडॉप्सिसची झाडे वर्णन केली, ज्यांत फलन न होताच बी वाढू लागे. १९९८ साली उएली ग्रॉसनिक्लाउस, झां-फिलिप व्हिएल-काल्झादा आणि सहकाऱ्यांनी यांतल्याच एका जनुकाचा शोध जाहीर केला. आईकडून आलेली प्रत निकामी असेल तर बापाची प्रत धडधाकट असूनही बी मरते, म्हणून त्यांनी त्याला ग्रीक पुराणकथेतल्या, स्वतःच्या मुलांना मारणाऱ्या मेडीआचे नाव दिले. बापाची प्रत उपयोगी का पडत नाही? कारण भ्रूणपोषात ती बंदच असते, हे पुढच्या वर्षी स्पष्ट झाले. मेडीआ, फिस-२ आणि फाय यांच्यासारखी जनुके मिळून एक प्रथिन-संकुल घडवतात. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांवर हे संकुल एक रासायनिक खूण करते आणि त्या जागची जनुके गप्प बसवते. फळमाशीपासून माणसापर्यंत सर्वत्र याच घराण्यातली प्रथिने वाढीला वळण लावतात. फुलझाडांनी त्यातला एक संच बियांसाठी राखून ठेवला आहे.

मग आईच्या प्रतीवरचा पडदा कोण उघडतो? याचे उत्तर बर्कलीच्या रॉबर्ट फिशर यांच्या गटाने २००२ साली दिले. डीमीटर हे त्या जनुकाचे नाव, पिकांच्या ग्रीक देवतेवरून ठेवलेले. वनस्पतीच्या डीएनएवर ठिकठिकाणी मिथिल गट चिकटलेले असतात. असे गट असलेली जागा बहुधा गप्प असते, जणू पुस्तकाची ती पाने पिना मारून बंद केली आहेत. डीमीटरचे प्रथिन मिथिल लागलेला डीएनएचा घटक कापून काढते आणि तिथे कोरा घटक बसतो. आणि हे काम ते मध्यपेशीत, फलनाच्या आधीच करून ठेवते. नर पेशीत ते घडत नाही. त्यामुळे फलनाच्या क्षणी आईच्या प्रती उघड्या आणि बापाच्या प्रती झाकलेल्या, अशी स्थिती आयतीच तयार असते.

यात वनस्पतींची एक सोय आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. सस्तन प्राण्यांत ठसा पुसून पुढच्या पिढीसाठी नव्याने उमटवावा लागतो, कारण ज्या पेशींवर तो असतो त्यांतूनच पुढची पिढी येते. भ्रूणपोष मात्र भ्रूणाला पोसून संपतो. त्याला संतती नाही, म्हणून त्याच्यावरचा ठसा पुसण्याची गरजच पडत नाही. तेत्सु किनोशिता आणि सहकाऱ्यांनी २००४ साली एफडब्ल्यूए या जनुकात हे दाखवले. त्याची मूळ अवस्था बंद असते, मध्यपेशीत आईची प्रत उघडली जाते आणि तिथून परतीचा रस्ता नसतो.

उलट दिशेने, म्हणजे बापाची प्रत चालू आणि आईची बंद, अशीही बरीच जनुके आहेत. क्लाउडिया कोहलर यांनी तपासलेले फेरेस-१ हे त्यांतले पहिले नावाजलेले उदाहरण. इथे आईची प्रत मिथिल गट गमावते, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेवर मेडीआचे संकुल येऊन आपली खूण करते. मिथिल काढल्यामुळे एक जनुक उघडते आणि दुसरे बंद होते, हे ऐकायला विचित्र वाटते, पण दोन खुणांची व्यवस्था एकमेकींना टाळते हे लक्षात घेतले की उलगडा होतो. मेडीआच्या बाबतीत तर बापाची प्रत याच संकुलाने बंद केलेली असते, म्हणजे हे जनुक स्वतःच्या एका प्रतीला दाबण्यात सामील असते.

२०११ सालापर्यंत असे एकेक जनुक वेचून काढले जात होते. त्या वर्षी जनुकसंचभर शोध घेणारे अभ्यास एकदम प्रसिद्ध झाले. अ‍ॅरॅबिडॉप्सिसमध्ये मेरी गेरिंग यांच्या गटाला दोनशेहून अधिक, भातात ऑस्ट्रेलियातल्या एका गटाला २६२ आणि मक्यात एका अभ्यासात १७९, दुसऱ्यात १०० ठसा असलेली जनुके सापडली. या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या तर एक अस्वस्थ करणारी बाब पुढे येते. मका आणि भात एकाच कुळातले, तरी दोन्ही याद्यांत समान नावे थोडीच आहेत. सस्तन प्राण्यांत ठसा असलेली जनुके उंदीर आणि माणूस यांच्यात बरीचशी सामायिक आहेत. वनस्पतींत मात्र ही यादी भराभर बदलत गेलेली दिसते.

याद्यांवर एक शंकाही घेतली गेली, आणि ती रास्त होती. अ‍ॅरॅबिडॉप्सिसचे बी अर्ध्या मिलिमीटरएवढे. त्यातला भ्रूणपोष वेगळा काढताना बीजावरण, जे संपूर्ण आईचेच असते, त्याचा अंश सोबत आला तर एखादे जनुक उगाच ‘आईचेच चालते’ असे भासते. मायकेल नोडाइन यांच्या गटाने २०१७ साली दाखवून दिले, की प्रसिद्ध झालेल्या अनेक नमुन्यांत अशी सरमिसळ झाली होती. त्यानंतर एकेका केंद्रकातला आरएनए वाचण्याची पद्धत आली. गेरिंग यांच्या गटाने २०२१ साली ती वापरून दाखवले की ठसा भ्रूणपोषाच्या सगळ्या भागांत सारखा नसतो. म्हणून जुने आकडे वाचताना सावध राहावे, विशेषतः मातृव्यक्त, म्हणजे फक्त आईची प्रत चालणाऱ्या, जनुकांचे. पितृव्यक्त जनुकांच्या याद्या मला अधिक भरवशाच्या वाटतात, कारण बीजावरणातून बापाची प्रत येऊच शकत नाही.

आता ‘का’ हा प्रश्न. डेव्हिड हेग आणि मार्क वेस्टोबी यांनी १९८९ साली मांडलेला विचार साधा आणि भेदक आहे. एकाच झाडावरच्या बियांची आई एकच, पण बाप अनेक असू शकतात. आईच्या दृष्टीने सगळी बीजे सारखी आपली, म्हणून तिने पोषण सर्वांत वाटावे. बापाच्या जनुकांना मात्र शेजारच्या बीजात काही वाटा नसण्याचीच शक्यता अधिक, म्हणून आपल्या बीजाने जास्तीत जास्त ओढून घ्यावे यात त्यांचा लाभ. मग आईकडून येणारी आवर घालणारी जनुके आणि बापाकडून येणारी रेटा देणारी जनुके निवडली जातील, आणि ही निवड पोषण ओढणाऱ्या ऊतीतच सर्वाधिक दिसेल. स्कॉट यांचे संकर, मेडीआ, भ्रूणापेक्षा भ्रूणपोषात ठशांची दाटी, हे सगळे या विचाराशी जुळते. कॅप्सेला या रानटी रोपांतला पुरावा तर आणखी बोलका आहे. स्वपरागण करणाऱ्या जातीत बाप बहुधा एकच असल्याने ओढाताण मंदावायला हवी, आणि परपरागण करणाऱ्या जातीचा बाप तिच्यावर घातला तर त्याचा रेटा जास्त ठरायला हवा. संकर तसेच वागतात. भिंतींना उशीर होतो, जणू बापाचा जनुकसंच दुप्पट आला आहे. परपरागित जातीत पितृव्यक्त जनुकांची संख्या आणि जोरही जास्त निघाला.

पण एकेक जनुक घ्या आणि चित्र विस्कटते. मक्याचे मेग-१ हे मातृव्यक्त जनुक. सिद्धांतानुसार त्याने पोषण आवरायला हवे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते नेमके उलट करताना दिसले. आईकडून अन्न आत घेणाऱ्या वहन-पेशी घडवण्यात ते भाग घेते आणि त्याची मात्रा वाढली की पोषणाचा ओघ वाढतो. म्हणून काहींनी आई आणि अपत्य यांच्यातल्या समायोजनाचा पर्याय मांडला. शिवाय ठसा असलेल्या कित्येक जनुकांना निकामी केले तरी बियाला काहीच होत नाही. ओढाताणीने इतकी जनुके घडवली असती, तर त्यांतली इतकी निरुपयोगी का असावीत?

मला पटणारी मांडणी २००९ सालापासून पुढे आलेल्या शोधांवर उभी आहे. डीमीटर मध्यपेशीत मिथिल गट काढते ते मोजक्या जनुकांपाशी नाही, तर जनुकसंचभर हजारो ठिकाणी, आणि त्यांतल्या बऱ्याच जागा ट्रान्सपोझॉनच्या, म्हणजे स्वतःच्या प्रती काढून इकडेतिकडे घुसणाऱ्या डीएनए-तुकड्यांच्या आहेत. मध्यपेशीत हे तुकडे उघडे पडले की त्यांच्यापासून लघु-आरएनए तयार होतात, आणि ते शेजारच्या अंडपेशीत जाऊन तिथले तेच तुकडे अधिक पक्के बंद करत असावेत, असा तर्क आहे. मध्यपेशीचा वंश पुढे जायचा नसल्यामुळे तिथे हा धोका पत्करता येतो. मग असा एखादा तुकडा चुकून एखाद्या जनुकाच्या शेजारी घुसला, तर त्या जनुकावर आपोआप ठसा येतो. एफडब्ल्यूएच्या पुढ्यातला मिथिलयुक्त भाग अशाच एका तुकड्यापासून आलेला आहे. भटके तुकडे प्रत्येक जातीत वेगळ्या जागी घुसतात, म्हणून याद्या जुळत नाहीत. त्यांतले काही ठसे उपयोगी पडतात आणि निवडीने टिकतात, बाकीचे येतात आणि जातात. आई-बापांची ओढाताण ही त्या टिकण्याच्या पायरीवरची गोष्ट आहे. उगमाची नाही.

जी थोडी टिकली, त्यांचे महत्त्व मात्र मोठे आहे. चतुर्गुणित बापाचे बी का मरते याचा माग काढताना कोहलर यांच्या गटाला २०१३ साली अ‍ॅडमेटॉस हे पितृव्यक्त जनुक सापडले. बापाकडची ही एकच प्रत निकामी केली, तर मरणारी त्रिगुणित बीजे बरीचशी वाचतात. पुढे आणखी काही पितृव्यक्त जनुकांनीही हेच दाखवले. रेटा कसा दिला जातो त्याचा रसायनशास्त्रीय धागा ऑक्सिन या संप्रेरकात मिळाला. मध्यपेशीत ऑक्सिन तयार करवले तर फलनाशिवायही केंद्रके वाढू लागतात, आणि ते बनवणारी काही जनुके पितृव्यक्त आहेत. बापाचा वाटा जास्त झाला की ऑक्सिन जास्त होते, आणि ते जास्त असेपर्यंत भिंती पडत नाहीत.

भ्रूणाची गोष्ट वेगळी आणि वादाची. २००० साली असा दावा झाला, की अ‍ॅरॅबिडॉप्सिसच्या कोवळ्या भ्रूणात बापाची जनुके काही काळ गप्पच असतात. २०१२ साली नोडाइन आणि डेव्हिड बार्टेल यांनी मोजून सांगितले, की दोघांचा वाटा पहिल्यापासून जवळजवळ समान आहे. नंतरच्या कामातून वाण आणि जनुक यांनुसार फरक पडतो असे दिसले. भातात मात्र फलनानंतरच्या पहिल्या काही तासांत आईचाच आरएनए भरलेला असतो आणि बापाची मोजकीच जनुके बोलतात. त्यांतले एक बीबीएम-१. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात व्यंकटेशन सुंदरेशन आणि इम्तियाज खांडे यांनी २०१९ साली दाखवले, की अंडपेशीला ‘आता भ्रूण हो’ हा इशारा बापाकडून आलेल्या या प्रतीतून मिळतो. तेच जनुक अंडपेशीत आधीच चालू करून ठेवले तर बापाशिवाय भ्रूण सुरू होतो.

इथून विषय थेट शेतावर येतो. ज्वारीच्या सीएसएच-१ पासून (१९६४) कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या ‘सह्याद्री’पर्यंत संकरित वाणांची एकच अडचण आहे. दुसऱ्या पिढीत गुण फुटतात, म्हणून बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. फलनाशिवाय आईसारखेच बी देणारी पद्धत, म्हणजे अ‍ॅपोमिक्सिस, पिकांत आणता आली तर शेतकऱ्याला स्वतःचे संकरित बियाणे राखता येईल. हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये इम्रान सिद्दीकी यांच्या गटाने २००८ साली अर्धविभाजन टाळून बनणाऱ्या अंडपेशी दाखवून यातला एक मोठा टप्पा गाठला, आणि २०११ साली फ्रेंच व अमेरिकी सहकाऱ्यांसह आईची हुबेहूब नक्कल असलेली बीजे मिळवली. भातात तीन जनुके बंद करून अर्धविभाजनाऐवजी साधे विभाजन घडवले आणि बीबीएम-१ अंडपेशीत चालवले, की नक्कल बीजे मिळतात. २०२२ साली एका संकरित वाणात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेले.

या यशातही भ्रूणपोषाचा जुना हिशेब आडवा येतोच, आणि तो नशिबाने जुळला आहे. या झाडांत अंडपेशी, मध्यपेशीतली केंद्रके आणि नर पेशी, सगळीच द्विगुणित. भ्रूण फलनाशिवाय होतो, पण मध्यपेशीला नर पेशी मिळतेच. आईचे चार, बापाचे दोन, म्हणजे लिन यांचे चारास दोन. मक्यात ट्रिप्सॅकम या गवतातून अ‍ॅपोमिक्सिस आणण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालले. ट्रिप्सॅकमला बिघडलेले प्रमाण चालते, मक्याला चालत नाही, आणि अडथळ्यांतला हा एक ठळक अडथळा राहिला.

दाण्याचे वजन आणि हवामान यांच्याकडेही हाच धागा जातो. गोड मका साध्या मक्याच्या शेजारी पेरला तर त्याच हंगामातले दाणे पिठूळ होतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. परागाचा असा तात्काळ परिणाम वजनावरही होतो, आणि २०२२ साली मक्यात डेड-१ हे पितृव्यक्त जनुक त्यामागे असल्याचे दिसले. भातात ओएसफाय-१ या मातृव्यक्त जनुकाचे मिथिलीकरण तापमानाने बदलते. नेब्रास्का विद्यापीठात हरकमल वालिया यांच्या गटाने दाखवले, की फलनानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतली उष्णता भिंती पडण्याची वेळ बिघडवते आणि दाणा लहान राहतो. भंडारा-गोंदियात किंवा कोकणात उन्हाळी भात घेणाऱ्यांसाठी हे दोन-तीन दिवस फार महत्त्वाचे आहेत, आणि उष्णता सोसणारे वाण निवडताना या जनुकांकडे पाहिले जावे असे मला मनापासून वाटते. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये पी. व्ही. शिवप्रसाद यांच्या गटाने २०२४ साली भातातले ओएससीएलएसवाय-३ हे जनुक पुढे आणले. ते स्वतः मातृव्यक्त आहे, त्याच्या शेजारी ट्रान्सपोझॉन आहेत, आणि ते लघु-आरएनएच्या मार्गाने भ्रूणपोषातल्या इतर ठसायुक्त जनुकांवर ताबा ठेवते. त्याची मात्रा बिघडली की दाणाही बिघडतो.

आपल्या कुरणांतल्या काही गवतांनी हा प्रश्न माणसाच्या कितीतरी आधी सोडवला आहे. अंजन गवत आणि गिनी गवत अ‍ॅपोमिक्सिसने बी धरतात. त्यांच्या भ्रूणकोशात नेहमीच्या आठऐवजी चारच केंद्रके असतात आणि मध्यपेशीत दोनाऐवजी एकच, पण ते द्विगुणित. साधा पराग येऊन त्याला मिळाला की आईचे दोन, बापाचा एक. बाजरीच्या एका रानटी नातलगातले बीबीएम घराण्यातले जनुक बाजरीत घातल्यावर फलनाशिवाय भ्रूण सुरू होतो हे २०१५ साली दिसले आहे. म्हणजे भ्रूणाची बाजू बाजरीत उघडली आहे. भ्रूणपोषाची बाजू सांभाळायची तर अंजनासारखा चार केंद्रकांचा भ्रूणकोश तरी आणावा लागेल, किंवा भातासारखा नर पेशींचाही वाटा दुप्पट करावा लागेल.